सोबत एक वॉशर मोफत

४ ऑक्टोबर

खारू,

फोनच करणार होते, पण तुमच्याकडचा फोन मालकांच्या टेबलावर असतो आणि त्यावर तू "हो, हो, बरं" याच्या पलीकडे जात नाहीस. शिवाय जे सांगायचंय ते तुझ्या आधी त्यांच्या कानावर जायला नको. म्हणून हे पत्र. नीट बसून वाच, जेवता जेवता नको. मावशीला आलेल्या प्रत्येक पत्रावर तुझ्या बोटांचे तेलकट ठसे असायचे, ते मी विसरलेले नाही.

गोष्ट आपल्या गरम पाण्याच्या पिशव्यांची आहे. आजवर आपल्या पिशवीच्या बुचात काळा वॉशर असायचा. तो बनवणाऱ्या म्हाताऱ्याने यंदा मशीन विकून टाकलं. मग ह्यांनी दुसरीकडून पांढरे वॉशर आणले. दिसायला छान, स्वच्छ. मलाही आवडले, खोटं कशाला बोलू. हिवाळ्याचा सगळा पहिला माल त्यावरच गेला.

गेल्या महिन्यात माझी कंबर धरली म्हणून तयार मालातली एक पिशवी मी घरी आणली. रोज उकळतं पाणी भरून शेकत होते. परवा बूच आवळायला गेले तर ते नुसतंच फिरत राहिलं. उघडून बघते तर आतला वॉशर चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा झालेला. उकळत्या पाण्याने तो रोज थोडा थोडा मऊ होतो. सुरुवातीला काही कळत नाही, आणि मग एक दिवस बूच सुटतं. माझं पाणी मोरीत सांडलं म्हणून मी वाचले.

आपण प्रत्येक पिशवी पाणी भरून, दोरीवर उलटी टांगून तपासतो, याचा ह्यांना केवढा अभिमान आहे ते तुला माहीतच आहे. पण टांगतो एकदाच, आणि तेही कोमट पाण्याने, कारण उकळत्या पाण्याने बायकांचे हात भाजतात. आमचे हात आम्ही सांभाळले.

माल मुख्य एजंटाकडून एव्हाना तुमच्या गोदामात आला असेल. तो तिथेच अडवून ठेव. काहीही कारण सांग. या पिशव्या कोण घेतं ते आठव. म्हातारी माणसं, बाळंतिणी, तान्ही मुलं. मला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही.

आक्का


११ ऑक्टोबर

आक्का,

नमस्कार. पत्र हात धुऊन वाचलं, ठसे शोधू नकोस.

माल गोदामात नाही. तुझं पत्र येण्याआधीच थंडीच्या सीझनचा म्हणून तो उचलला गेला. तुला वाटतं माल गोदामात राहतो. तो राहत नाही गं, गोदामातून फक्त जातो. राहिला तर मालक आम्हाला फैलावर घेतात.

आमच्याकडून तो घाऊकवाल्यांकडे गेला. हे घाऊकवाले मला माहीत आहेत, कारण त्यांच्याकडे फिरणं हीच माझी नोकरी. त्यांच्यापुढे कुठे गेला हे मला माहीत नाही आणि मला ते कुणी सांगणारही नाही. आमच्या धंद्यात पुढचा माणूस मागच्याला कधी दाखवत नाहीत. आम्हाला दुकानदार कळले तर आम्ही घाऊकवाल्याला वगळून थेट दुकानात माल टाकू, ही त्याची भीती. घाऊकवाला तुम्हाला कळला तर तुम्ही आम्हाला वगळाल, ही आमची. तुमच्या प्रत्येक पिशवीच्या खोक्यावर तुमचा पत्ता छापलेला असतो ना, त्यावर आम्ही आमचं लेबल चिकटवतो. कित्येकदा मीच चिकटवलंय. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तू मला या नोकरीला चिकटवलंस आणि उगाच वाईट कशाला वाटून घ्यायचं.

तरी मी प्रयत्न केला. चष्मेवाला म्हणून एक घाऊकवाला आहे, सगळ्यांत जास्त पिशव्या त्यानेच उचलल्या. त्याला म्हटलं, शेकायच्या पिशव्या परत दे, दुसऱ्या देतो. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "भाव वाढतोय वाटतं?" मी म्हटलं, भाव नाही, मालात दोष आहे. तो म्हणाला, "दोष असलेला माल कुणी परत मागतं का? दोष असला की लोक आमच्या गळ्यात मारतात. परत मागता म्हणजे जुना माल सोन्याचा झाला." माझ्यासमोर त्याने पिशव्यांची खोकी मागच्या खोलीत नेऊन ठेवली, वर साबणाची खोकी रचली.

संध्याकाळपर्यंत बाकीच्या घाऊकवाल्यांनाही कळलं की पिशव्यांचा भाव वाढणार. दुसऱ्या दिवशी दुकानदारांनाही कळलं. सगळ्यांनी भरून ठेवल्या. आक्का, मी माल थांबवायला गेलो आणि तो दुप्पट वेगाने धावला. सांग, मी काय करू?

भावोजींना नमस्कार सांग.

खारू


१६ ऑक्टोबर

खारू,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. हे आत पिशव्यांच्या प्रेसवर होते, मला हसताना ऐकून बाहेर आले, आणि तोवर मी रडत होते. ह्यांनी पत्र वाचलं आणि परत आत गेले. दिवसभर साचे उघडायचे, पिशव्या काढायच्या, बस. आता उकळत्या पाण्याने, पुन्हा पुन्हा तपासतो. भाजलेल्या हातांना मलम लावून बायका कामावर येतात, एकीने तक्रार केली नाही. पण हा सगळा नंतरचा शहाणपणा.

पिशवी परत येत नसेल तर न येवो. पिशवीत वाईट काहीच नाही, वाईट आहे तो वॉशर. तो बदलला की काम झालं. बोटाने जुना काढायचा, बोटाने नवा बसवायचा, लहान मूलसुद्धा करेल. म्हणून आम्ही जुन्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बसलो. त्याच्याकडे शिल्लक होते ते सगळे काळे वॉशर आणले, कमी पडले ते दुसऱ्याकडून उकळून तपासून घेतले. कडा कातरणाऱ्या बायका आणि मी मिळून एकेक वॉशर कागदाच्या पुडीत बांधतोय. प्रत्येक पुडीत चिठ्ठी आहे: "या पिशवीच्या बुचात पांढरा वॉशर असल्यास तो काढून हा काळा बसवा. पांढऱ्या वॉशरने बूच सुटून भाजण्याचा धोका आहे." मोठ्या अक्षरात छापून घेतली, चष्मा नसला तरी वाचता येईल अशी.

पुड्या पाठवतेय. पिशव्या ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने या जाऊ देत. घाऊकवाल्याने दुकानदाराला द्याव्यात, दुकानदाराने गिऱ्हाइकाला. यात कुणाचं काही जात नाही.

आणि मला दुकानांचे पत्ते काढून दे. जेवढे मिळतील तेवढे. मी एकेकाला लिहीन.

आक्का


२४ ऑक्टोबर

आक्का,

पुड्या पोचल्या. मालकांनी पहिली पुडी स्वतः उघडली. चिठ्ठी वाचली आणि दार लावून घेतलं.

ते काही राक्षस नाहीत, हे तू लक्षात घे. माझ्या टायफॉइडमध्ये त्यांनी घरी फळं पाठवली होती. पण ते म्हणाले, "ही चिठ्ठी बाजारात गेली तर या पिशव्या तर जातीलच, माझ्या लेबलाची प्रत्येक वस्तू परत येईल. थर्मास परत येतील, कंदील परत येतील. दुकानदार चिठ्ठी वाचत नाही, तो फक्त 'धोका' हा शब्द वाचतो." मग म्हणाले, "वॉशर जाऊ देत. चिठ्ठी नाही."

आम्ही सगळ्यांनी बसून पुड्यांतून चिठ्ठ्या काढल्या. मीही काढल्या. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्या दुसऱ्या कुणी काढल्या असत्या. तुला वाईट वाटणार, पण माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

पत्त्यांचं विचारलं तर मालकांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "तुझी बहीण थेट विकायला बघतेय का?" म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. यापुढे तो विषय काढला तर माझं इथलं दाणापाणी संपलं म्हणून समज. आणि खरं सांगू का, पत्ते कुणाकडेच नाहीत. घाऊकवाल्याकडून माल नेणाऱ्यांत अर्धे स्वतःच छोटे घाऊकवाले. ते हातगाडीवाल्याला देतात, बाजारात बसणाऱ्यांना देतात, गावोगाव फिरणाऱ्याला देतात. मला वाटायचं, या साखळीत मी मधोमध उभा आहे म्हणजे मला दोन्ही टोकं दिसत असणार. मला फक्त पुढच्याची पाठ दिसते.

पण एक चांगली बातमी. पुड्या नुसत्या दिल्या तर घाऊकवाले कोपऱ्यात टाकून देतील, हे मला ठाऊक होतं. ज्यात कुणाला काही सुटत नाही ती वस्तू या वाटेने पुढे सरकतच नाही. म्हणून मी मालकांना सुचवलं की याची स्कीम करू, "प्रत्येक पिशवीसोबत एक वॉशर मोफत." मालक खूश झाले. घाऊकवालेही खूश, मोफत म्हटलं की दुकानदार उड्या मारतो. पुड्या हां हां म्हणता संपल्या. कशासाठी आहेत ते मी प्रत्येक घाऊकवाल्याला तोंडाने सांगितलं. ते "सांगतो, सांगतो" म्हणाले.

निदान वॉशर तरी पोचतील, आक्का.

खारू


२ नोव्हेंबर

खारू,

तुझ्यावर रागावण्यासाठी मी हे पत्र दोनदा लिहिलं आणि फाडलं. तुझ्या जागी मी असते तर मीही चिठ्ठ्या काढल्या असत्या, हे मला चांगलं कळतं आणि म्हणूनच राग येतो. वॉशर पोचेल रे. पण तो हातात आलेल्या माणसाला कोण सांगणार की हा कशासाठी? "सांगतो, सांगतो" म्हणणारे घाऊकवाले?

मी स्वस्थ बसले नाही. आधी मुख्य एजंटाकडे गेले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, घरची चौकशी केली. मग म्हणाला, "ताई, आमच्या दारातून निघालं की ते आमचं नाही." मी म्हटलं, माझ्या दारातून निघालं तरी ते माझंच आहे. तो म्हणाला, "तुम्ही बनवणारी माणसं, तुमचं तसंच असतं," आणि दुसऱ्याशी बोलायला लागला.

मग सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "अपघात झालाय का?" नाही म्हटलं. "कुणाची तक्रार?" नाही. "मग नोंद कशाची करू? झाल्यावर या." त्या अजिबात उद्धट नव्हत्या. त्यांच्याकडच्या कागदावर न झालेल्या गोष्टीला जागाच नव्हती. वर्तमानपत्रात सूचना दिली तीही छापून आली, हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोखाली. ते वर्तमानपत्र तुमच्या बाजूला येतच नाही हे नंतर कळलं.

शेवटी एजंटाच्या गावात गिऱ्हाईक होऊन दुकानं धुंडाळली. शेकायची पिशवी आहे का, शेकायची पिशवी आहे का. बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांची. एका दुकानात आपली निघाली. मला इतका आनंद झाला, जणू हरवलेलं पोर सापडलं. बूच उघडलं, आत पांढरा वॉशर. दुकानदाराला दाखवलं, सांगितलं, ही कुणाला विकू नका, मीच बनवते हो ही. त्याने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि बूच लावलं. म्हणाला, "घ्यायची नसेल तर उघडू नका बाई. मागून दुसऱ्याच्या मालाची बदनामी करायला येतात, मला माहीत आहेत असल्या बायका."

मी ती पिशवी विकत घेतली. तेवढी एक परत आली. घरी येताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठून घेतली, चांगली आहे का? काय सांगणार?

थंडी पडायला लागली आहे. दर वर्षी आम्ही तिची वाट बघायचो.

आक्का


२८ नोव्हेंबर

आक्का,

उत्तराला उशीर झाला. मी ठीक आहे, काळजीचं काही नाही, पण आता फिरतीवर नाही.

तुझं पत्र आल्यावर मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी घराजवळच्या दुकानांत गेलो. मालकांचा माणूस म्हणून नाही, असाच. दोन दुकानदारांनी ऐकून घेतलं, म्हणाले बघतो. तिसऱ्याकडे एक बाई पिशवीच घेत होत्या. मी त्यांना म्हटलं, घरी गेल्यावर आतला पांढरा वॉशर काढा आणि सोबतच्या पुडीतला काळा बसवा. त्या एकदम बिचकल्या. म्हणाल्या, "मग राहू दे, दुसऱ्या कंपनीची द्या." दुसरी नव्हती. त्या तशाच गेल्या. दुकानदार मला काही बोलला नाही. तो घाऊकवाल्याला बोलला, घाऊकवाला मालकांना. तुमचा माल वरून खाली पोचायला पंधरवडा लागतो. माझी तक्रार खालून वर एका दुपारीत पोचली.

मालकांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "तू आता आत बस." तेव्हापासून मी गोदामात, खोकी मोजायला आणि लेबलं चिकटवायला. आलेलं टपाल फोडून मालकांपुढे ठेवायचं कामही माझ्याकडेच दिलंय. घाऊकवाल्यांकडे दुसरा माणूस जातो. त्याला वॉशरबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, "ती स्कीम संपली ना?"

इकडे थंडीने कहर केलाय. पिशव्यांना एवढी मागणी आहे की साबणामागे लपवलेली खोकीसुद्धा निघाली. मालक म्हणतात, आणखी पाठवायला सांग, आता काळ्या वॉशरच्या. तेवढं करा तरी.

खारू


२० डिसेंबर

खारू,

तुझी फिरती माझ्यामुळे गेली, तिचा भत्ताही गेला असणार. मला ते सारखं खातं. तू लिहिलं नाहीस तरी घरात तुझी कशी ओढाताण होत असेल ते मला कळतं.

काळ्या वॉशरचा माल निघाला. आणि एक गोष्ट भीत भीत लिहिते. महिना होऊन गेला, भर थंडी आहे, आणि कुठून काही ऐकू आलेलं नाही. हे म्हणतात, "लोक काय वेडे आहेत? पिशवीसोबत वॉशर मिळाला म्हणजे तो बुचातच बसवतील. चिठ्ठी कशाला लागते?" मी दिवसातून चारदा हे वाक्य स्वतःला ऐकवते. काल रात्रभर झोप लागली, किती दिवसांनी. तुमच्याकडे काही आलं का? आलं असेल तर लपवू नकोस.

आक्का


२ जानेवारी

आक्का,

आमच्याकडे काही आलेलं नाही. एकही तक्रार नाही. भावोजी म्हणतात ते बरोबर असणार. तू आता हा विषय मनातून काढून टाक, कंबर सांभाळ आणि झोप नीट घेत जा.

जास्त लिहीत नाही. काम खूप आहे.

खारू


१५ जानेवारी

खारू,

सोबत एक पत्र पाठवतेय. कपडे शिवणाऱ्या एका बाईंचं आहे. ह्यांना अजून दाखवलेलं नाही.

त्या लिहितात की त्यांनी आधी खोक्यावरच्या लेबलावर होता त्या पत्त्यावर लिहिलं होतं, डिसेंबरात. म्हणजे तुमच्याकडे. टपाल तूच फोडतोस. ते तू वाचलं होतंस का, आणि वाचून मला "एकही तक्रार नाही" लिहिलंस का, हे विचारायला मी बसले होते. पण नको. सांगू नकोस. मला झोप लागावी म्हणून तू तसं केलं असशील तर मी तुला काय बोलणार, आणि केलं नसशील तर माझ्या मनात आलं याची मला लाज वाटेल.

कारखाना बंद करू म्हटलं तर त्याचाही उपयोग नाही. ज्या पिशव्या गेल्या त्या गेल्या. यंदा न खपलेल्या दुकानदार माळ्यावर टाकतील आणि पुढच्या थंडीत झटकून पुन्हा मांडतील. मी मेले तरी त्या कुठे ना कुठे विकल्या जात असतील. आपल्याच हाताने बनवलेल्या वस्तूपर्यंत आपलाच हात पोचत नाही, हे कुणाला सांगून पटेल?

बाईंनी मागितलं ते मी आज पाठवते. एकाच्या जागी मूठभर पाठवते. पण त्यांनी एक प्रश्न विचारलाय आणि त्याला एका शब्दात उत्तर आहे. तो शब्द मला लिहिता येत नाही. तू वाच आणि सांग मी काय लिहू.

आक्का


(सोबतचं पत्र)

९ जानेवारी

पिशवी बनवणाऱ्यांना,

नमस्कार. मी तुमच्या ओळखीची नाही. घरी मशीनवर कपडे शिवते. माझ्यासोबत माझे बाबा असतात. ते आयुष्यभर एका इमारतीत लिफ्टमन होते. उभं राहून राहून आणि मग साखरेच्या आजाराने त्यांच्या पायांतली जाणीव गेली. पाय सारखे गार पडतात म्हणून थंडीच्या सुरुवातीला मी तुमची गरम पाण्याची पिशवी आणली.

पिशवीसोबत कागदाच्या पुडीत एक काळा वॉशर मिळाला. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "स्कीममध्ये आलाय, ठेवा, कुठेतरी उपयोगी पडेल." आमच्या मोरीतला नळ वर्षभर गळत होता. बाबांनी पुडी उघडून वॉशर बोटात फिरवून पाहिला आणि पाना मागितला. तासभर खटपट करून त्यांनी तो नळाच्या जोडात बसवला. नळ थांबला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हाताने काही दुरुस्त केलं नव्हतं. त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश होते.

डिसेंबरात एका दुपारी ते पायाशी पिशवी घेऊन झोपले होते. मी बाहेरच्या खोलीत मशीनवर होते. मशीन थांबवलं तेव्हा जमिनीवर पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "बाबा, तुमचा नळ पुन्हा गळतोय वाटतं." ते आतून म्हणाले, "शक्यच नाही." मी मोरीत जाऊन पाहिलं, नळ कोरडा होता. मग आत गेले. पाणी त्यांच्या गादीतून ठिबकत होतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. पाय दुखतच नाहीत, तर ओरडणार कसे? उजव्या पायाची बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

खोक्यावरच्या पत्त्यावर मी डिसेंबरातच पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. मग एकदा शिवण उसवायच्या ब्लेडने लेबल काढून पाहिलं तर खाली तुमचा पत्ता निघाला. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मला भांडायचं नाही. बाबा आता घरी आलेत आणि डावा पाय गार पडतो म्हणून तीच पिशवी मागतात. ती दुरुस्त होते का पाहावं म्हणून मी बूच उघडलं. आतला पांढरा वॉशर पार मऊ होऊन गेला होता. तो पाहताना मला काहीतरी आठवलं. बाबा झोपले असताना मी नळातला काळा वॉशर काढला आणि बुचात घालून पाहिला. तो अगदी बरोबर बसला. उकळतं पाणी भरून पिशवी उलटी धरली, थेंब पडला नाही. मग मी तो पुन्हा नळात घातला आणि बराच वेळ मोरीतच बसून राहिले.

मला एवढंच विचारायचं आहे, तो वॉशर पिशवीसाठीच होता का?

उत्तर हो असेल तर पत्र माझ्या नावाने पाठवा, बाबांच्या हाती पडायला नको. आणि तसा आणखी एक असेल तर तोही पाठवा, म्हणजे नळातला काढावा लागणार नाही आणि त्यांना कधी काही कळणार नाही. घरी कुणी भेटायला आलं की पायाबद्दल ते काही बोलत नाहीत. त्यांना मोरीत घेऊन जातात आणि नळ कसा थांबवला ते दाखवतात.